दाबणं सोपं, उचलणं कठीण

बोरूनं देवनागरी लिहिणाऱ्या माणसाला चिनी ब्रश हातात घेतल्यावर पहिला गोंधळ होतो तो टोकाचा. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं. रेघ कुठं जाड, कुठं बारीक, हे त्या कापात आणि धरायच्या कोनात आधीच ठरून गेलेलं असतं. बोरू टेकला की टेकला. किती टेकला हा प्रश्न येत नाही. ब्रशचं तसं नाही. टोक नुसतं लागलं तर केसभर रेघ, पोटापर्यंत दाबला तर बोटभर. म्हणजे आडवं-उभं यांच्या जोडीला आणखी एक दिशा आली, कागदाच्या आत आणि कागदापासून वर. चिनी ब्रशकामातलं बहुतेक सगळं या तिसऱ्या दिशेत घडतं. हे डोक्याला कळायला फार वेळ लागला नाही, हाताला मात्र लागला.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चीनमधल्या हांगचौला राहत होतो. या विद्येसाठी गाव उत्तमच. तिथल्या पश्चिम सरोवरातल्या गूशान बेटावर शिलिंग मुद्रा मंडळ आहे, शिक्के कोरणाऱ्यांची संस्था, 1904 सालची. इथल्याच कला अकादमीत पान त्यानशौ या चित्रकारानं 1963 मध्ये सुलेखनाचा अभ्यासक्रम सुरू केला. माझा वर्ग इतका थोर नव्हता. वस्तीच्या सार्वजनिक खोलीत निवृत्त मंडळी, शाळकरी मुलं आणि मी. शिकवायला एक निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना नुसतं ‘लाओशी’, म्हणजे ‘बाई’, म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले.

पहिला तास ब्रश ‘उघडण्यात’ गेला. नव्या ब्रशचे केस खळीनं चिकटवून कडक केलेले असतात. कोमट पाण्यात ठेवून ती खळ हळूहळू सोडवायची. पाणी गरम नको, नाहीतर मुळाशी केस धरून ठेवणारा डिंक सैलावतो आणि ब्रश गळू लागतो. पुढचा तिसरा हिस्साच उघडावा की मुळापर्यंत, यावर आमच्या वर्गातल्या दोन आजोबांचं कायम वाजायचं. लाओशींचं मत पक्कं होतं: पूर्ण उघडायचा. अर्धवट उघडलेल्या ब्रशला पोटच नसतं, मग दाबणार काय?

ब्रश पारखायचे चार गुण ठरलेले आहेत. टोक निमुळतं हवं. बोटांनी चपटा केला तर सगळ्या केसांची टोकं एका रेषेत यायला हवीत. पोट गोल भरलेलं हवं. आणि दाबून सोडला की केस परत उभे राहायला हवेत. या शेवटच्या गुणावरच सगळा फरक पडतो. बकरीचे केस मऊ, शाई भरपूर पितात, पण दाबले की तसेच वाकून राहतात. पिवळ्या विझलच्या, म्हणजे मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या, शेपटीचे केस टणक, ताबडतोब सरळ होतात. आत टणक आणि बाहेर मऊ केस घातलेला मिश्र ब्रश नवशिक्यांना देतात. मलाही तोच मिळाला, आणि काही महिन्यांनी लाओशींनी तो काढून घेऊन हातात बकरीचा ठेवला. मिश्र ब्रश तुमचं बरंचसं काम स्वतःच करतो. बकरीचा काही म्हणजे काही करत नाही. माझं मत विचाराल तर शिकायला मिश्र घ्यावा, पण आपण काय शिकलो ते बघायला बकरीचाच.

हे ब्रश जिथं होतात ते शानल्यान गाव हूचौजवळ आहे, हांगचौच्या उत्तरेला, तिथं वर्गाबरोबर जाणं झालं. ब्रशनिर्मितीतलं सर्वांत नाजूक काम पाण्याच्या घमेल्यात चालतं आणि ते मुख्यतः बायका करतात. केसांची पातळ पट्टी पाण्यात भिजवून, विंचरून, त्यातला उलटा केस, टोक तुटलेला केस, आखूड केस असं निवडत बसायचं. हात दिवसभर पाण्यात. एका बाईंनी एक पट्टी उजेडात धरून दाखवली. मुळाकडचा भाग पांढरा अपारदर्शक, आणि टोकाकडे एक अरुंद, जवळजवळ पारदर्शक किनार. ती किनार जितकी लांब तितका ब्रश महाग, कारण टोक गोळा होऊन सुईसारखं होतं ते त्या किनारीमुळे. तोवर मी ब्रशच्या दांड्याकडे बघून किंमत ठरवत होते.

आता पकड. ही शिकवताना सगळे फार गंभीर होतात. पाच बोटांना पाच कामं नेमून दिलेली आहेत: अंगठा आतून दाबतो, तर्जनी बाहेरून, मधलं बोट आकड्यासारखं ओढून धरतं, अनामिका उलट बाजूनं अडवते, आणि करंगळी अनामिकेला टेका देते. दांडा उभा. बोटं घट्ट, तळवा पोकळ, इतका की आत अंडं मावावं. या पकडीच्या कौतुकाची गोष्ट प्रत्येक मुलाला ठाऊक असते. चौथ्या शतकातला वांग शीझी म्हणजे या कलेचा सर्वमान्य गुरू. त्याचा मुलगा श्यानझी लहानपणी लिहीत बसला होता. बापानं मागून गुपचूप येऊन त्याचा ब्रश खेचला, तो हातातून सुटला नाही, आणि बाप म्हणाला, हा पुढे नाव काढणार. वर्गातल्या पोरांनी हा प्रयोग एकमेकांवर करून पाहिला आणि शाईचे फवारे भिंतीपर्यंत गेले.

मला ही गोष्ट कधी पटली नाही. इतका आवळून धरलेला ब्रश हलणार कसा? पुढे कळलं की अकराव्या शतकातल्या सू शीलाही पटली नव्हती. त्यानं सरळ लिहून ठेवलंय की ब्रश धरायची एकच एक पद्धत नाही. आत पोकळ आणि मोकळं असावं म्हणजे झालं. तो स्वतः आपण पेन धरतो त्याच्या जवळपास जाणाऱ्या पकडीनं लिहायचा. लाओशींना मी हे म्हणून दाखवलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, “सू शी होशील तेव्हा तशी धर.”

तरी पकडीतल्या दोन गोष्टींना पर्याय नाही, असं आता मलाही वाटतं. दांडा उभा ठेवणं आणि तळवा पोकळ ठेवणं. दांडा कलला की केस एका कुशीवर पडतात. तळवा मिटला की बोटं ब्रशला खाली-वर करू शकत नाहीत, आणि खाली-वर करणं हेच तर सगळं काम. मनगटाचंही तेच. लहान अक्षरांना मनगट टेबलावर किंवा डाव्या हातावर टेकवायची मुभा आहे. अक्षर मोठं झालं की मनगट उचलायचं, आणखी मोठं झालं की कोपरही हवेत. खांदा दुखतो. आजोबा मंडळी उभं राहून लिहायची. त्यामागे मला आधी परंपरा वगैरे वाटली होती, पण कारण खांदा हेच होतं.

मग रेघ. एक साधी आडवी रेघ, आपल्या शिरोरेषेएवढी. शिरोरेषा आपण शाळेपासून न बघता ओढतो. इथली आडवी रेघ अशी: उजवीकडे जायचं आहे, म्हणून टोक आधी किंचित डावीकडे सरकवत टेकवायचं. तिथून खाली उजवीकडे तिरकं दाबायचं. केस पसरतात, पोट कागदाला लागतं. आता थांबा. आणि इथं ब्रश जरासा उचला, सोडायचा नाही, पसरलेले केस पुन्हा एकत्र येऊन टोक रेघेच्या मध्यावर येईल इतपतच. मग उजवीकडे चाला. मधल्या भागात थोडं वर, रेघ सडपातळ होते. शेवटाशी आल्यावर पुन्हा किंचित वर उचलून, उजवीकडे खाली दाबून, टोक आल्या वाटेनं मागे परत घ्या. सुरुवातीचं आणि शेवटचं टोक रेघेच्या पोटात लपून जातं. मी फू या सोंग काळातल्या सुलेखनकाराच्या नावावर एक वचन सांगतात: खाली सोडलेली रेघ आखडती घेतल्याशिवाय राहू नये, पुढे गेलेली मागे वळल्याशिवाय राहू नये.

वाचायला हे किचकट वाटतं, पण दाबण्याच्या जागा कुणालाही दोन दिवसांत पाठ होतात. पाठ होत नाही ती उचल. किती उचलायचं हे सांगता येत नाही, कारण ते ब्रशच्या लवचिकतेवर, आत किती शाई उरली आहे त्यावर आणि कागदावर ठरतं. कमी उचललं तर केस मोडलेलेच राहतात आणि रेघेला पुढे दोन शेपट्या फुटतात. जास्त उचललं तर रेघ मध्येच उपाशी दिसते. लाओशींनी हे शिकवण्याचा जो मार्ग काढला तो मला अजून फार आवडतो. सायकल शिकवताना मागून सीट धरतात तसा त्या माझ्या ब्रशचा वरचा शेंडा दोन बोटांत धरायच्या आणि म्हणायच्या, “तू लिही.” लिहायची मी, पण केस वाकले की त्यांच्या बोटांमधून दांडा अगदी थोडा, अर्ध्या तांदळाएवढा, वर जायचा, आणि मला तो खेच अंगठ्यात जाणवायचा. कित्येक आठवडे पाहून जे समजलं नव्हतं ते त्या खेचेनं समजलं. अक्षर बघू नकोस, टोक कुठं आहे ते बघ, हे त्यांचं पालुपद.

टोक मध्यावर राहिलं का, हे तपासायची एक जुनी खूण आहे. अकराव्या शतकातल्या शेन क्वोनं आपल्या टिपणांत लिहिलंय की त्याच्या आधीच्या शतकातल्या श्यू श्वानची मुद्रालिपीतली (शिक्क्यांवर कोरतात ती जुनी लिपी) अक्षरं उन्हासमोर धरली की प्रत्येक रेघेच्या ऐन मधोमध दाट शाईचा एक धागा दिसायचा, आणि रेघ वळते तिथंही तो मध्यातच असायचा. मी माझे कागद खिडकीच्या काचेवर लावून पाहिले. धागा होता, पण वरच्या कडेला चिकटून. बोरू तिरका धरायच्या वर्षानुवर्षांच्या सवयीनं दांडा आपोआप कलत होता. त्यानंतर मी रोज काच हीच परीक्षक मानली. लाओशींपेक्षा ती कमी बोलते.

अर्थात टोक मध्यावर म्हणजेच खरं आणि कुशीवर म्हणजे पाप, असं जे नवशिक्यांना शिकवतात ते अर्धसत्य आहे. वांग शीझीची 353 सालची ‘लानथिंग’ प्रस्तावना घ्या, एका कवितासंग्रहासाठी लिहिलेली. मूळ प्रत आता नाही. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात थांग काळातली एक फार बारकाईची नक्कल आहे. तिची छपाई भिंगाखाली धरली की कितीतरी रेघा उघड्या टोकानं, कुशीवर उतरून सुरू झालेल्या दिसतात, आणि पुढच्याच क्षणी टोक मध्यावर आलेलं दिसतं. कुशीवर उतरणं चालतं, तिथंच राहणं चालत नाही. म्हणजे पुन्हा उचलच. याच लेखात एकच ‘झी’ हे अक्षर वीस वेळा येतं आणि वीसही वेळा वेगळं लिहिलेलं आहे. आमच्या वर्गात ते वीस ‘झी’ एका कागदावर उतरवून काढायचा गृहपाठ असायचा. चारपाचनंतर सगळे सारखे दिसू लागायचे, माझेच नव्हे, सगळ्यांचेच.

या प्रस्तावनेचं पहिलंच अक्षर ‘योंग’. त्याच्यात आठ मूळ फटकारे येतात असं मानतात, म्हणून सगळा चीन त्याच्यावर हात घोटतो. टिंब, आडवी, उभी, आकडा, वर जाणारा झटका, दोन डावीकडचे उतार आणि शेवटी उजवीकडे खाली उतरणारा मोठा पाय. पहिली सात बऱ्यापैकी वश होतात. आठवा पाय मात्र छळतो. बारीक निघून हळूहळू दाब वाढवत खाली यायचं, सर्वांत जाड जागी थांबायचं, आणि मग दिशा बदलून उजवीकडे जाताजाता सगळे केस एकेक करून कागदावरून सोडायचे, शेवटी फक्त मधलं टोक उरावं. चालणं आणि उचलणं एकाच वेळी, आणि दोन्हींचा वेग वेगळा. आधी उचललं तर पाय आखूड, उशिरा उचललं तर बोथट. हा पाय मला पहिल्यांदा नीट आला तो फोनवर आईशी बोलताना, रद्दी कागदावर. लक्ष होतं आईच्या गुडघ्यांकडे.

कागद हा ब्रशचा निम्मा भाग आहे, हे त्यानंतर कळलं. सरावाला आम्ही हांगचौलगतच्या फूयांग भागातला बांबूचा पिवळट कागद वापरायचो. स्वस्त आणि शाई फार न पसरवणारा. सणासुदीला आन्हुई प्रांतातल्या जिंगश्यान भागाचा श्वान कागद. त्यात चिंगथान झाडाची साल आणि भाताचा पेंढा असतो. तुरटी न दिलेला कच्चा श्वान शाईला अजिबात थोपवत नाही. थांबलात की डाग वाढत जातो. आडव्या रेघेत ‘आता थांबा’ असं वर लिहिलंय ना, ते या कागदावर जमत नाही. थांबणं हे थांबल्याचा भास होईल इतपतच करावं लागतं. उलट घाई केली तर रेघ कागदावर तरंगते, आत मुरत नाही. रोजच्या कामाला बाटलीतली शाई, यीदेगेची, 1865 पासून चालत आलेली बीजिंगची कंपनी. ती दाट असते, थोडं पाणी घालावं लागतं. कच्च्या श्वानवर लिहायचं असेल तेव्हा लाओशी शाईची कांडी उगाळायला लावत. सहाणेवर चंदन उगाळलेल्या हाताला हे शिकवावं लागलं नाही, आणि वर्गात मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

शाई भरून घेतल्यावर ब्रश सहाणेच्या काठावर निथळवणं हेही तंत्रच. सगळ्या बाजूंनी फिरवत निथळवायचा, टोक गोळा करत. एकाच बाजूनं ओढला तर तो तिथंच वाकतो आणि पुढची रेघ आपण लिहायच्या आधीच बिघडलेली असते. लिहिताना मधेच केस फुटले तरी दौतीकडे धाव घ्यायची नाही. पुढच्या फटकाऱ्यात वळवून, उचलून कागदावरच टोक गोळा करायचं. हे ज्याला येतं तो एका बुडवणीत बरीच अक्षरं लिहितो. यान झेनचिंगनं 758 साली, आन लूशान या सेनापतीच्या बंडात मारल्या गेलेल्या पुतण्यासाठी लिहिलेल्या शोकलेखाचा मसुदा तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. त्याच्या छपाईवरून लाओशी आम्हाला फक्त शाई वाचायला लावत. इथं बुडवला, इथं ओला, इथं सुकत चालला, इथं नुसते केस खरवडतायत, आणि पुन्हा इथं बुडवला. खाडाखोड, ओळी वाकड्या, पण सुकलेल्या रेघांतही टोक हरवलेलं नाही.

याच यान झेनचिंगचा 752 चा ‘दुओबाओ’ स्तूपाचा शिलालेख मी रोज गिरवत होते. त्याची शिळा शीआनच्या शिलालेख संग्रहालयात आहे. ती बघायला गेले तेव्हा मात्र जरा हिरमोड झाला. इतके दिवस ज्या कडा, कोपरे, आकडे मी ब्रशनं उतरवायला जिवाचं रान करत होते त्यातले कितीतरी छिन्नीचे आहेत, हे दगडाजवळ उभं राहिल्यावर कळतं. मी फूनं नऊशे वर्षांपूर्वी बजावलंच होतं की दगडावरच्या अक्षरांवरून शिकू नये, शाईची मूळ अक्षरं बघावीत. तरी दगडांचे ठसे हाच शेकडो वर्षं सर्वसामान्यांचा कित्ता होता, मूळ हस्तलिखितं बघायला मिळायची कुणाला? परत आल्यावर मी कित्ता बदलला. वांग शीझीचा वंशज असलेल्या झीयोंग भिक्षूचं सहस्राक्षरी लेखन घेतलं, त्याची शाईची प्रत जपानमध्ये टिकून आहे. तिच्यात एका अक्षरातून दुसऱ्यात जाताना ब्रश हवेतून कसा गेला असेल, ते बारीक धाग्यांवरून दिसतं. कागदावर न दिसणारा हा हवेतला रस्ता सध्या माझ्या सरावाचा विषय आहे, आणि तोही उचलीचाच पुढचा भाग.

मध्येच एकदा गंमत म्हणून त्याच ब्रशनं ‘श्री’ लिहून लाओशींपुढे ठेवला. त्यांना देवनागरीतलं एक अक्षर येत नाही. त्यांनी कागद उलटसुलट फिरवला, वरची बाजू कुठली ते विचारून घेतलं, मग काना जिथं शिरोरेषेला मिळतो तिथं नखानं खूण केली. म्हणाल्या, “इथं उचलला नाहीस. आणि खालच्या त्या वळणात टोक बाहेरच्या कडेनं गेलंय.” मग मला बाजूला सारून त्यांनी तो ‘श्री’ बघून बघून एकदा स्वतः लिहिला. वेलांटी जरा उलट्या अंगानं वळली होती. काना मात्र माझ्यापेक्षा चांगला होता.